मामासाठी ठेवलेलं पाणी

माझ्या मामाला कुणी नीट बसलेलं पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं. खुर्ची दिली तर तो तिच्या कडेला टेकायचा, एक पाय दाराकडे ठेवून, आणि चहा येईपर्यंत तीनदा घड्याळ बघायचा. "जन्मालाच आला तो पायाला भिंगरी लावून," हे आईचं त्याच्याबद्दलचं मत. आई त्याची थोरली बहीण, त्यामुळे तिची मतं एकदा झाली की बदलत नाहीत.

मामा पाणी तपासायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकवीस वर्षं त्याने हे एकच काम केलं. सायकल, तिच्या दांड्याला अडकवलेली खाकी पिशवी, पिशवीत काचेच्या चार नळ्या, तपासणीच्या औषधाची तपकिरी बाटली आणि जाड पुठ्ठ्याची वही. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे आणि उजेडात धरायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, प्यायला हरकत नाही. पांढरंच राहिलं तर वहीत तसं लिहायचं आणि कचेरीकडे सायकल पळवायची. सगळा भाग त्याला 'नळीवाले' म्हणायचा. त्याचं खरं नाव पोस्टमनलाही विचारावं लागलं असतं.

लोकांना वाटतं, अशा माणसाच्या मागे काहीतरी मोठी कहाणी असणार. लहानपणी कुणीतरी गेलं असेल, त्याने शपथ घेतली असेल. तसलं काही नाही. त्याला सायकल येत होती आणि रंगांमधला फरक चटकन कळत होता, म्हणून त्याला घेतलं. पण एकदा काम हातात आलं आणि माणूस त्यात गुंतत गेला. जेवताना पाण्याचा पेला उचलला की आधी उजेडात धरायचा. मामी म्हणायची, "माझ्याकडे एवढं निरखून कधी बघितलं नाहीत."

आता त्याची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. तो टाकीपासून सुरुवात करायचा आणि एकेक रस्ता घेत शेवटी आमच्या गल्लीत यायचा. आमची गल्ली पाइपाच्या अगदी टोकाला. चौदा घरं, घरटी एक नळ. पाणी साडेपाचला यायचं आणि सव्वासहाला जायचं. मामा पोचायचा सव्वासातला, तेव्हा नळ कोरडेठाक. नियमाप्रमाणे नमुना वाहत्या नळाचाच घ्यायला हवा. पण मामाने त्यावर आपली एक तोड काढली होती. सकाळी पहिलं भरलेलं एक भांडं प्रत्येक घराने त्याच्यासाठी झाकून ठेवायचं, आणि तो आला की त्याच्या मनात येईल त्या घरात शिरून त्यातलं पाणी घ्यायचा. आज कुणाकडे जाणार हे आधी सांगायचा नाही. हीच आपली हुशारी, असं त्याला वाटायचं. "भांडं काय आणि नळ काय," तो म्हणायचा, "माणसं आपलीच आहेत."

नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून मी तेव्हा आईकडेच राहत होते. मला आठवा महिना लागला होता. एक दिवस मामाची नळी आमच्याच ओट्यावर पांढरी राहिली. त्याने दुसरं घर घेतलं, तिसरं घेतलं, सगळीकडे पांढरी. त्याने लिहिलं आणि कचेरी गाठली. दुपारी माणसं आली आणि त्यांनी गल्लीचं पाणी बंद केलं. एका जागी खणलं, मग दुसऱ्या जागी खणलं, मग साहेबांना सुट्टी लागली. नऊ दिवस नळाला थेंब नाही. वरच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक नळ होता, तिथून चढ-उतार करत सगळ्या गल्लीने पाणी वाहिलं. मला बादली उचलू द्यायची नाही म्हणून आईने दोघींचं वाहिलं. सहाव्या दिवशी तिचा उजवा खांदा धरला तो आजतागायत सुटलेला नाही. लोक मामाला तोंडावर बोलले नाहीत, आईला बोलले. "तुमच्या भावाला आमचीच गल्ली दिसली होय?" शेजारच्या शिंपीणकाकूने आमच्या दारासमोर रिकामी बादली अशी आपटली की माझ्या पोटातलं बाळ दचकलं.

दहाव्या दिवशी पाणी आलं. मामा त्याच दिवशी क्लोरीनच्या थेंबांच्या छोट्या बाटल्या घेऊन घरोघर फिरला. पिण्याच्या पाण्यात किती थेंब टाकायचे, अर्धा तास कसं थांबायचं, हे त्याने चौदा घरांत चौदा वेळा सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि बाटल्या फळीवर ठेवून दिल्या. त्या पाण्याला दवाखान्यासारखा वास यायचा. कोण पिणार?

महिनाभराने एका सकाळी आईने मामासाठी भांडं भरलं, नाकाशी नेलं आणि तशीच उभी राहिली. पाण्याला कसलाच वास नव्हता. एरवी क्लोरीनचा थोडा तरी असायचा. तिने माझ्या पोटाकडे बघितलं, आपल्या खांद्याकडे बघितलं, फळीवरची बाटली काढली आणि भांड्यात दोन थेंब सोडले. मी चुलीशी होते. मी पाहिलं. मी पुन्हा चुलीकडे वळले.

सव्वासातला मामा नेमका आमच्याकडे आला. नळी पिवळीधमक झाली. त्याचा चेहरा असा उजळला की मला माझ्या पोटच्या पोराच्या आधी त्याचंच कौतुक वाटलं. त्या दिवशी तो चहा पिईपर्यंत खुर्चीत बसला. अर्धा का होईना, बसला.

गोष्ट आईने शिंपीणकाकूला सांगितली. शिंपीणकाकूला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. आठवड्याभरात चौदाही घरांत मामाचं भांडं वेगळं झालं आणि त्यात रोज दोन थेंब पडू लागले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला ठासून सांगायचंय. पाणी बंद होऊ नये आणि मामाचं तोंड उतरू नये, एवढंच होतं. बाटली संपली की बायका त्याच्याकडेच दुसरी मागायच्या. तो खुशीत कचेरीत जाऊन सांगायचा, "शेवटच्या गल्लीत लोक फार जागरूक झालेत." आणि आम्ही पीत होतो ते नळाचं पाणी, जसं येईल तसं. गल्लीभर फक्त मामाचं पाणी शुद्ध होत होतं.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. मुलगी झाली, आम्ही तिला छोटी म्हणतो. ती रांगायला लागली, चालायला लागली. मला कधी कधी ते भांडं बघून कसंतरी व्हायचं, आणि मग छोटी रडायची किंवा दूध उतू जायचं आणि विषय राहून जायचा. राहू द्यायला मला निमित्तच हवं असायचं, हेही कबूल करते.

मामाला मात्र काहीतरी खटकत होतं. टाकीच्या पायथ्याशी नळी जितकी पिवळी व्हायची त्याहून आमच्या गल्लीत जास्त. क्लोरीन पाइपातून जाता जाता कमी होतं, वाढत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने औषध जुनं झालं असेल म्हणून बाटली बदलली. नळ्या राखेने घासल्या, मग साबणाने, मग उकळल्या. डोळे तपासून आला. सगळ्या जगावर संशय घेतला, आमच्यावर घेतला नाही.

मग आजार आला. आधी वायरमनचे म्हातारे वडील, मग त्याच घरातली सून, मग गल्लीच्या मधली दोन मुलं. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले. आठ दिवसांत सहा घरं. आरोग्य केंद्रातून माणसं आली, त्यांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. साहेबांनी मामाची वही पुढे केली. दोन वर्षं, सगळं पिवळं. मग पाणी नाही, साहेब म्हणाले, लोकांच्याच सवयी वाईट.

त्यावर गल्लीत सभा झाली. जनजागृती म्हणतात तसली. मामाला स्टुलावर उभं केलं. तो हात कसे धुवायचे ते करून दाखवत होता, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, आणि समोर आम्ही सगळे शहाण्या मुलांसारखे बसून बघत होतो. शिंपीणकाकूने तर प्रश्नही विचारला, साबण कुठला चांगला म्हणून. मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती. त्या वेळी मी उठायला हवं होतं. पण मनात तेच नऊ दिवस आणि त्याच बादल्या, आणि स्टुलावर घसा कोरडा करणारा मामा. याला आत्ता, सगळ्यांसमोर सांगू? नंतर सांगू म्हटलं.

मामाला त्या दिवसांत चैन नव्हतं. भाजीवाल्याचं पाणी बघ, बर्फाच्या कारखान्यात जा, शाळेची टाकी उघड, आमच्या गल्लीत दिवसातून तीनदा चक्कर मार. "पाणी तर चांगलं आहे," तो स्वतःशीच पुटपुटायचा, "मग येतंय कुठून?" आणि दर वेळी कुणीतरी त्याला भांडं पुढे करायचं, आणि दर वेळी नळी पिवळी.

सभेनंतर चौथ्या दिवशी छोटीला झालं. सकाळी दोनदा, दुपारपर्यंत सात वेळा. संध्याकाळी तिला हाक मारली तर तिने मान वळवली नाही. मी तिला उचलून पळाले.

आरोग्य केंद्रात सहा खाटा, त्यातल्या चार आमच्या गल्लीच्या. छोटीच्या एवढ्याशा हातात सुई लावली. आई चमच्याने मीठ-साखरेचं पाणी तिच्या ओठांना लावत होती, ते बाजूने गळत होतं. मामा आला तो धापा टाकतच, वही काखेत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तीन दिवस घरी न गेलेल्या दिसत होत्या. त्यांनी मला विचारलं, "हिला पाणी कुठलं देता?"

"नळाचं," मी म्हणाले.

"रोज तपासतो मी," मामा म्हणाला. "आजचंही तपासलंय."

बाईंनी वही मागून घेतली. पानं मागे-पुढे केली. "टाकीजवळ कमी आणि टोकाला जास्त," त्या म्हणाल्या. "हे कसं काय?"

"तेच मला कळत नाहीये," मामा म्हणाला. "औषध बदललं, नळ्या बदलल्या. आता मीच राहिलोय बदलायचा."

तो हे चेष्टेने म्हणाला नाही. त्याला खरंच वाटत होतं की चूक त्याच्या डोळ्यांची आहे. मी छोटीकडे बघितलं. तिची पापणी अर्धवट उघडी होती आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

"मामा, ते पाणी आमचं नाही," मी म्हणाले. "तुझ्यासाठी वेगळं ठेवलेलं असतं. त्यात आम्ही थेंब टाकतो. तू दिलेले."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि तुम्ही पिता त्यात?"

"त्यात नाही."

"का?"

"वास येतो."

मामाने वही बाईंच्या हातात तशीच सोडली आणि भिंतीशी असलेल्या बाकावर बसला. पूर्ण बसला. पाठ भिंतीला टेकून, पाय पुढे सोडून. मी त्याला पहिल्यांदा तसं बघितलं, आणि देव करो, पुन्हा बघायला न मिळो.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं होतील," आई म्हणाली. चमचा तिच्या हातातच होता. "मी सुरू केलं. हिला बोलू नकोस."

"ताई, मला सांगायचं होतंस. मी शिव्या खाल्ल्या असत्या."

"शिव्या तू खाल्ल्या असत्यास," आई म्हणाली. "पाणी आम्ही वाहिलं असतं."

डॉक्टरीणबाई फोन करायला गेल्या. थोड्या वेळाने मामा उठला, छोटीच्या तळपायाला हात लावून बघितला आणि बाहेर पडला. वही घ्यायला विसरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो आमच्या ओट्यावर उभा होता. साडेपाचला नळाने फुरफुर केली. मामाने भांड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नळाखाली स्वतः नळी धरली, औषध टाकलं, दिव्याखाली नेलं. पांढरी. शिंपीणकाकूकडे गेला, पांढरी. वायरमनकडे, पांढरी. बायका दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी. चौदाव्या घरापर्यंत पांढरीच. शेवटी तो गल्लीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "पिऊ नका. उकळल्याशिवाय चमचाभरही नाही." आणि सायकलवर बसला.

कचेरीत काय झालं ते तिथल्या शिपायाने नंतर सांगितलं. साहेबांनी लगेच पाणी बंद करायचा हुकूम काढला. मामा टेबलासमोरून हलेना. "बंद करा," तो म्हणाला, "पण आधी टँकर पाठवा. मागच्या वेळी तुम्ही आधी बंद केलंत, म्हणून त्यांनी मला दोन वर्षं फसवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही फसवलं असतं." साहेब चिडले, म्हणाले, नळाचा नमुना न घेता वही भरलीस ती तू. "हो," मामा म्हणाला, "तेही लिहा. पण टँकर आधी." नऊ वाजता टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

पाइप फुटला होता शिंपीणकाकूच्या मागच्या बाजूला, गटाराच्या बरोबर खाली. पाणी जाऊन पाइप रिकामा झाला की गटारातलं आत ओढलं जायचं आणि सकाळी सगळ्यात आधी तेच बाहेर यायचं. म्हणजे मामासाठी ठेवलेलं पहिलं भांडं हेच गल्लीतलं सगळ्यात घाण पाणी होतं. तेच आम्ही निवडून शुद्ध केलं आणि बाकीचं प्यायलो.

छोटी पाचव्या दिवशी घरी आली, दारातच बिस्कीट मागितलं. वायरमनचे वडील आले नाहीत. त्यांच्या घरी मी भेटायला गेले तेव्हा वायरमन मला पाणी द्यायला उठला आणि अर्ध्यातून परत येऊन बसला. मीही मागितलं नाही.

मामाला बदलीचा कागद मिळाला. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, ती त्याने कचेरीच्या गोदामात पाइपांचे जोड मोजत काढली. पण जाता जाता त्याने डॉक्टरीणबाईंना मध्ये घालून एक गोष्ट करून घेतली. एक नळी आणि औषधाची एक बाटली आमच्या गल्लीतच राहते. पाणी सुरू असताना, वाहत्या नळाखाली, गल्लीतल्याच कुणीतरी तपासायचं आणि लिहायचं. ते काम माझ्याकडे आलं, आणि मामाने मला शिकवलं, दटावत, चुका काढत, एका पायावर उभं राहून. घरी मात्र तो बदलला. कुणी पेला पुढे केला की नको म्हणायचा आणि उठून स्वतः भरून घ्यायचा. आमच्याकडेही. आई दर वेळी पेला भरून आणायची, दर वेळी तसाच परत न्यायची. एवढी भांडखोर बाई, पण त्या पेल्यावरून ती भांडली नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या हातातली नळी पांढरी राहिली.

पुन्हा घेतली. पांढरी. माझ्या मागे चार-पाच जणी उभ्या होत्या. थेंबांची बाटली माझ्या खांद्याच्या उंचीवर फळीवर होती. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, मी बघितलं. पाणी बंद होणार, टँकर कधी येईल कोण जाणे, छोटीची शाळा, आईचा खांदा. दोन थेंबांचं तर काम. मी हात उचललाही असेल, आता नक्की सांगता येत नाही.

"लिही," आई मागून म्हणाली. "मी बादल्या काढते."

मी लिहिलं. कचेरीला कळवलं, मग मामाच्या घरी गेले. तो चपला घालूनच बसला होता, जणू मी येणार हे त्याला ठाऊक असावं. आम्ही दोघं कचेरीत गेलो. टँकर दुपारी आला. तोपर्यंत आईने एका हाताने चार खेपा केल्या होत्या.

संध्याकाळी मामा ओट्यावर टेकला, नेहमीसारखा कडेला. आईने माठातून पेला भरून त्याच्यासमोर धरला. त्याने पेला घेतला, उजेडात धरला नाही, आणि सगळा प्यायला. मग तोंड वाकडं केलं.

"ताई, थेंब जास्त झालेत."

"होऊ देत," आई म्हणाली. "सगळ्यांच्याच पाण्यात आहेत."